दार, दोरी आणि सुरक्षेचा तास

जेठ ३, रविवार

सरकारनं, समाजानं आणि नशिबानं आजवर जे जे लादलं ते मी निमूट अंगावर घेतलं. पण नारंगी जाकीट अंगावर घ्यावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. आमचे मुख्याध्यापक पुष्कर सर ते बुटवलहून घेऊन आले. रस्ता खणणारे मजूर घालतात तसलं, पाठीवर चकाकत्या पट्ट्या असलेलं. माप एखाद्या धिप्पाड पोलिसाचं. माझ्यासकट आणखी एक बिंदा मिस त्यात आरामात मावेल. मावली असती तर बरंच झालं असतं, निम्मे तास तिनं घेतले असते. काखेत काचतं, मानेला खाज सुटते. टुंडिखेलच्या मैदानावरची कुत्री मला पिल्लं असल्यापासून ओळखतात, तीसुद्धा आज माझ्यावर भुंकली. पलीकडच्या टोलातल्या, म्हणजे आळीतल्या, एका म्हातारीनं अडवून विचारलं, "बाई, आमच्या टोलातली वीज कधी येणार?"

हा सगळा साज कशासाठी, तर आजपासून मी शाळेची सुरक्षा प्रमुख आहे. उताराखालच्या दुसऱ्या बोर्डिंगनं, म्हणजे आमच्यासारख्याच इंग्रजी शाळेनं, मुलांना सुरक्षा शिकवायला सुरुवात केली, फाटकावर फलक लावला आणि आमच्याकडची काही मुलं तिकडे गेली. त्यामुळे पुष्कर सरांना अचानक मुलांच्या जिवाची काळजी वाटायला लागली.

"आठवड्यातून दोन तास, मिस. रस्ता, आग, पाणी, अनोळखी माणसं. आणि सगळं इंग्रजीतून."

"सर, जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी तरी नेपाळीतून सांगू द्या. पहिलीची पोरं आहेत."

"नेपाळीतून सुरक्षा सरकारी शाळेतही मिळते. मग पालक आपल्याला फी कशाची देतात?"

मी जाकीट सारखं केलं आणि वर्गावर गेले. 

जेठ ५

पुस्तक दिल्लीहून आलंय. त्यातली मुलं गुबगुबीत आहेत आणि त्यांना लिफ्टपासून, सरकत्या जिन्यापासून, पोहण्याच्या तलावापासून धोका आहे. आमच्या तानसेनच्या पोरांना धोका म्हणजे बैल, दरड, उकळत्या डाळीचं भांडं आणि लोके दाजू, म्हणजे लोके दादा, चालवतात ती शाळेची गाडी. यातलं एकाचंही चित्र पुस्तकात नाही.

पहिला धडा घेतला. तीनच गोष्टी : स्टॉप, नो, हेल्प मी. भीती वाटली की मोठ्यानं ओरडायचं. पोरांना ओरडायची परवानगी बहुधा जन्मात पहिल्यांदा मिळाली असावी. छपराचा पत्रा थरथरला.

ओरडली नाही ती एकटी एलिसा सारू. गेल्या वर्षी खालच्या गावातून आली. बाप मलेशियात असतो, ही इथं आत्याकडे, म्हणजे फुपूकडे राहते. अर्ध्या फीवर घेतलीय. घरात त्यांची आपली बोली, अंगणात नेपाळी. इंग्रजी शाळेच्या फाटकाशी सुरू होतं आणि फाटकाशीच संपतं. त्यामुळे पोरगी वर्गात तोंड उघडत नाही. उघडलं की फळी गळ्यात येते.

फळी माझ्याच ताब्यात असते. ज्याच्या तोंडून नेपाळी निघालं त्याच्या गळ्यात ती पडते, मग तो दुसऱ्या कोणाला पकडायला टपून बसतो, आणि शेवटची घंटा होताना ती ज्याच्या गळ्यात असेल त्यानं वर्ग झाडायचा. मुलं एकमेकांवर अशी नजर ठेवतात की गुप्त पोलिसांनी शिकून घ्यावं. मला फळी आवडत नाही. पण आवडत नाही म्हणून इथं मी काय काय सोडणार? चहासुद्धा आवडत नाही.

जेठ ११

एकदाची डोक्यातून एक कल्पना निघाली आणि मी स्वतःवर खूश आहे. घरी अभ्यास दिला तर आया करत बसतात. म्हणून गेल्या आठवड्यातच सांगितलं, शाळेत जाता-येता गाडीत सराव करायचा. सगळ्यांनी मिळून : स्टॉप, नो, हेल्प मी.

आज लोके दाजू फाटकाशी भेटले. शाळेची गाडी त्यांचीच. म्हणजे शाळेची, पण जीव त्यांचा.

"बिंदा मिस, एक विनंती होती."

"बोला दाजू."

"तुमची पोरं गाडीत बसली रे बसली की बोंब ठोकतात. काल चौकीवर हवालदारानं अडवलं. म्हणाला, पोरं पळवून चाललास काय रे?"

"अगंबाई! मग?"

"म्हटलं, नाही साहेब, इंग्रजी शिकतायत. तर म्हणाला, हां, मग जा."

मी हसले. ते नाही हसले.

"आता मी गाणी मोठ्यानं लावून ठेवतो. चार दिवस डोकं उठलं, आता कानच बसले. पोरं स्टॉप म्हणोत नाही तर आणखी काही म्हणोत, मी आपला चालवतो."

म्हणजे सराव रोज होतोय. पुष्कर सरांना सांगितलं, तेही खूश झाले.

जेठ १९

स्वच्छ हातांचा धडा. सगळ्यांचे तळवे बघितले. शाई, गूळ, एकाच्या हातात मेलेला भुंगा. एलिसाच्या उजव्या तळव्यावर मात्र आडवा लाल पट्टा, कडेनं सालपटं निघालेली, मध्ये जुना घट्टा. पोरी घरी गवत कापायला जातात, विळ्यानं असंच होतं. आता कळलं तिची अक्षरं अशी वाकडी-तिकडी का येतात; मी उगाच आळस समजत होते.

नियमाप्रमाणे इंग्रजीत विचारलं, हाताला काय झालं? ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते, शब्द मिळत नव्हते. मग हळूच नेपाळीत म्हणाली, "मिस, गाडीत ना मी—"

"नेपाळी! मिस, नेपाळी!" अख्खा वर्ग उठला. ज्याच्या गळ्यात फळी होती तो तर आनंदानं नाचतच आला आणि त्यानं स्वतःच ती तिच्या गळ्यात घातली. मी दोरा नीट केला, गाठ मानेला टोचू नये म्हणून. तेल लाव म्हणून सांगितलं. तेही इंग्रजीत.

संध्याकाळी वर्ग तिनंच झाडला. झाडू डाव्या हातानं धरला होता. खूप वेळ लागला, बाहेर लोके दाजू भोंगा वाजवत होते.

अलीकडे मला फार थकायला होतं. झोप झाली तरी तसंच वाटतं.

जेठ २८

शिक्षकांची सभा. विषय : सुरक्षा दिनाचा कार्यक्रम, पडद्याचा रंग, पाहुण्यांच्या गळ्यात घालायचे खादे. शेवटी मी गाडीचा विषय काढला. सरकतं दार खाचेतून निसटलंय हे सगळ्या गावाला माहीत आहे.

"सर, मी सीटच्या पट्ट्यांचा धडा घेतेय. आपल्या गाडीत पट्टे नाहीत. दारही नाही."

"दार आहे की, मिस. फक्त बंद राहत नाही."

"मग?"

"आश्विनात दसैंचा सण झाला की बघू. तोवर दोरीची सोय केलीय ना. दाराच्या मुठीला बांधलीय, आतून एक मुलगी धरून बसते. चांगली जबाबदार आहे. सगळ्यांत आधी चढते, शेवटी उतरते, म्हणजे अगदी सोयीचं."

असेल कोणी सहावी-सातवीतली दांडगट. विचारणार होते कोण, तेवढ्यात चहा आला आणि पडदा निळा की हिरवा यावर दोन मॅडमचं जुंपलं. मी हिरव्याच्या बाजूनं हात वर केला. का केला, आता आठवत नाही.

असार २

आज माझ्या आयुष्यात एक चांगली गोष्ट घडली. ती इथं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

आजचा पाठ : मी कुठे कुठे सुरक्षित आहे. प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं. आय ॲम सेफ ॲट होम. आय ॲम सेफ इन स्कूल. पोपटांची रांग चालली होती; माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. एलिसाची पाळी आली, मी तिला ओलांडून पुढे जाणारच होते, तर ती उठून उभी राहिली. दोन्ही हात मागे. आणि एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत म्हणाली, "आय ॲम नॉट सेफ इन व्हॅन."

पूर्ण वाक्य! कुठं अडखळणं नाही, कुणाची नक्कल नाही. बाकीचे सगळे होकाराची वाक्यं घोकत असताना हिनं नकाराचं वाक्य बनवलं, तेही आपल्या मनानं! मी टाळ्या वाजवल्या, वर्गाला वाजवायला लावल्या. कपाटातल्या सोनेरी चांदण्यांमधली मोठी काढून तिच्या गणवेशावर चिकटवली. वर्षभर मुकी बसलेली पोरगी बोलती झाली.

ती मात्र उभीच राहिली. चांदणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणखी काहीतरी यायचं होतं बहुधा. मी म्हटलं, "व्हेरी गुड, एलिसा, सिट डाउन."

बसली.

असार ८

सुरक्षा दिनासाठी एलिसाला एकटीला वाक्य दिलंय. पुष्कर सर आधी नाक मुरडत होते. "ती? अर्ध्या फीची?" मी म्हटलं, ऐका तर खरं. तिला बोलावलं. तिनं पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तितकंच स्वच्छ.

"उच्चार चांगले आहेत," सर म्हणाले. "पण अर्थ बदला. पाहुणे येणार, पालक येणार. नॉट काढून टाका."

मुद्दा बरोबर होता. मी तिला समजावलं. तिनं मान डोलावली आणि म्हटलं, "आय ॲम सेफ इन व्हॅन." भिंतीकडे बघून म्हटलं. मी सांगितलं, थोडं हसून म्हण. तिनं प्रयत्न केला.

पाऊस धरलाय. छत्रीची एक काडी तुटली. जाकीट पावसात वास मारतं.

असार १६

काल सकाळपासून जे झालं ते नीट क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

काल असाराची पंधरावी, लावणीचा दिवस. दरवर्षी आम्ही मुलांना खालच्या खाचरात नेतो. पोरं दोन-चार रोपं लावतात, बाकी वेळ एकमेकांना चिखल फासतात, मग दही-चिउरा, म्हणजे दहीपोहे, खातात, फोटो निघतात. अंगावर चिखल नसलेला माणूस या दिवशी दिसला तर त्याला धरून फासतात, मलाही फासला. गाडी दोन खेपा करणार होती. लोके दाजूंनी लहानांना पहिल्या खेपेत घेतलं. मी दुसऱ्या खेपेच्या मुलांबरोबर बांधावर थांबले. गाडी निघाली तेव्हा आतून नेहमीचा गजर चालला होता : स्टॉप, स्टॉप, हेल्प मी! मी हात हलवला.

थोड्या वेळानं वरून एक मोटारसायकलवाला ओरडत आला. "तुमच्या शाळेची गाडी! वळणावर! पोर पडलंय!"

मुलांना दुसऱ्या मॅडमवर सोडून धावले. चढ, चिखल, पाऊस. एक चप्पल चिखलातच राहिली, दुसरी कधी तुटली कळलं नाही. वळणावर गाडी रस्त्याला आडवी उभी, दार उघडं लोंबतंय, पोरं कठड्याला चिकटून रडतायत. तिथं तुलसा दिदीची चहाची टपरी आहे. तिच्या मांडीवर केजीतला सुयोग शाक्य, चार वर्षांचा, एक हात भलत्याच कोनात. ओरडत होता. त्याचं ओरडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की लाज वाटावी. बाजूला लोके दाजू डोकं धरून बसलेले. आणि त्यांच्यापासून जरा लांब एलिसा, दोन्ही तळवे पुढे पसरून उभी. कातडी निघाली होती. रडत नव्हती.

मी म्हटलं, "अगं, हे काय?"

उत्तर तुलसा दिदीनं दिलं. "काय म्हणजे? दोरीनं सोललं. रोज बघते मी. ही एवढीशी पोरगी दाराशी, दोरी हाताला गुंडाळून, पाय समोरच्या बाकाला रोवून बसलेली. मला वाटलं, तुमच्या शाळेत असंच शिकवत असतील."

मी सुयोगला तिच्या मांडीवरून अलगद उचललं.

"दवाखान्यात जाताय ना? अनवाणी? फुटक्या काचा आहेत तिथं उतारावर. या घाला." तिनं पायातल्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या. "नंतर द्या. पण द्या."

सुयोगचं खांद्याजवळचं हाड मोडलंय, जुळून येईल म्हणाले. त्याचे आईबाप आले, तो आत गेला. एलिसाच्या हातांना पट्ट्या बांधल्या आणि आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. मी तिला नेपाळीत विचारलं, काय झालं सांग.

तिनं आधी दोन्हीकडे बघून घेतलं.

"इथं फळी नाही," मी म्हटलं.

मग ती बोलली. इतकी बोलली की मला तिचा आवाज नवीनच वाटला. जरा घोगरा आहे, भरभर बोलते.

"हाताला चिखल होता, मिस. दोरी सुळसुळ सरकायला लागली. मी स्टॉप म्हटलं. पण सगळेच स्टॉप म्हणत होते. मग हेल्प मी म्हटलं, तर हा छोटा बाबू, सुयोग, पण हसला, तो पण हेल्प मी म्हणाला. मग माझं इंग्रजी संपलं. दार सरकलं आणि बाबू त्याच्या बाजूला घसरायला लागला. तेव्हा मी नेपाळीत ओरडले, लोके दाजू, बाबू पडतोय! दाजूनं लगेच ब्रेक मारला. पण बाबू घसरतच होता. म्हणून मी दोरी सोडली आणि त्याला धरलं. मग हळू पडला. गवतावर." थोडं थांबून तिनं विचारलं, "मिस, दोरी सोडायची नव्हती ना?"

मी म्हटलं, "सोडायचीच होती." मग मला वाटलं आपण काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलावं, आणि मी बोलले, "पण तू आधी का नाही सांगितलंस कुणाला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादी गोष्ट मोठ्यांना पुन्हा समजावून सांगताना लहान मुलं बघतात, तसं.

"सांगितलं होतं की. तुम्ही चांदणी दिली."

असार १७

पुष्कर सरांनी खोलीत बोलावलं. दार लावलं. त्यांच्या खोलीचं दार छान लागतं.

"शुक्रवारी पालक समिती बसतेय. सुयोगचे वडील, शाक्य साहूजी पेटलेत. भांड्यांचं दुकान आहे, अख्खा टोल त्यांच्या ऐकण्यातला. ते पोर काढून नेतील आणि दहा जण मागोमाग. तुम्ही सुरक्षा प्रमुख. तुम्हाला विचारतील."

"काय सांगू?"

"खरं तेच. दोरी कोणी सोडली?"

"एलिसानं."

"बस्स. एवढंच. खोटं बोला म्हणतोय का मी? मुलांना आपण सगळं शिकवलं होतं, सराव होता, लेखी पाठ आहेत. एका मुलीनं ऐकलं नाही. तिला आपण सरकारी शाळेत पाठवू. तिथं फी नाही. तिच्या फुपूलाही बरं."

"सर, सात वर्षांच्या मुलीला दोरी दिली कोणी?"

"अर्ध्या फीची मुलं थोडी मदत करतात, मिस. त्यांना वळण लागतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमचंही वय झालंय. खालच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या तरुण मुली घेतल्यात. विचार करा."

विचार केला. दिवसभर केला. खरं सांगायचं तर निम्मा दिवस मी ते वाक्य पाठ करत होते : दोरी एलिसानं सोडली. किती सोपं आहे, किती खरं. इतकं सोपं वाक्य मी वर्गात कुणाला दिलं असतं तर कोणीही म्हटलं असतं.

संध्याकाळी एलिसाची फुपू दाराशी आली, पावसात भिजलेली. आत यायला तयार नव्हती. म्हणाली, "पोरीनं तुमच्या गाडीचं काही मोडलं असेल तर आम्ही थोडं थोडं भरून देऊ. पण शाळेतून काढू नका. तिचा बाप दर खेपेला फोनवर तिच्याशी इंग्रजीतून बोलायला लावतो. दोन शब्द ऐकले की दिवसभर खूश असतो, म्हणे."

"काही मोडलं नाही तिनं," मी म्हटलं. "आत या, चहा घ्या."

"नको. शाळेतून काढणार नाहीत ना?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती समजायचं ते समजून गेली.

असार १९, शुक्रवार

सभा झाली. घाईत लिहितेय, अक्षर एलिसासारखं येतंय.

सरांनी सुरुवात इंग्रजीतून केली, पाहुण्यांसमोर करतात तशी. दोनच वाक्यं झाली असतील. शाक्य साहूजी उठले. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, बोटांना भांड्यांची पॉलिश.

"सर, माझ्या पोराचं जे हाड मोडलंय ते नेपाळी आहे. नेपाळीत बोला."

कोणीतरी मागे हसलं. सर नेपाळीत आले. मुलांना सगळं शिकवलं होतं, एका मुलीच्या निष्काळजीपणामुळे, वगैरे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बिंदा मिस सांगतील."

उठले. पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं, ते आधी म्हटलं. "दोरी एलिसानं सोडली." सरांनी मान डोलावली. साहूजींचा चेहरा काळा पडला. मागच्या बाकावर फुपू होती, तिनं मान खाली घातली.

तिथं थांबायचं होतं. खरंच थांबायचं होतं. पण फुपूच्या मानेकडे बघून मला पुढचं बोलावंच लागलं.

"दोन्ही हात दोरीत अडकलेले होते, साहूजी. तुमच्या मुलाला धरायला तिच्याकडे तिसरा हात नव्हता. म्हणून सोडली. तो दगडांवर न पडता गवतावर पडला तो त्यामुळे. आणि ती ओरडलीही होती. पण मीच सगळ्या पोरांना रोज गाडीत ओरडायला लावलं होतं, त्यामुळे तिचं स्टॉप आणि हेल्प मी कुणी ऐकलं नाही. महिन्यापूर्वी ती मला गाडीचं सांगायला आली होती. मी तिच्या गळ्यात फळी घातली. मग तिनं इंग्रजीत सांगितलं. मी तिला चांदणी दिली. तेव्हा कोणाला शाळेतून काढायचंच असेल तर सुरुवात माझ्यापासून करा. दुसरा नंबर सरांचा लागेल. दार त्यांनी दसैंवर ठेवलंय."

 

"केवढी आहे ती पोरगी?" साहूजींनी विचारलं.

"सात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग लोके दाजूंपुढे हात पसरला. "किल्ली."

लोके दाजूंनी सरांकडे बघितलं. मग किल्ली दिली.

"गाडी माझ्या दुकानासमोर उभी राहील. दार लागलं की किल्ली मिळेल. माझा एक माणूस रोज गाडीत बसेल. मुलगी शाळेतच राहील. तिला काढलं तर सुयोग जाईल, आणि त्याच्यामागे कोण कोण जातं ते मी बघतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि मिस, तुमच्यावर मी रागावलोय. ते राहू दे तसंच."

"राहू दे," मी म्हटलं.

सुरक्षा प्रमुखपद सरांनी काढून घेतलं. नोकरीचं समिती पुढच्या महिन्यात ठरवणार. फळीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सोमवारी मला वर्गात विचारतील, मिस, फळी कुठे? काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

असार २२, सोमवार

दसैं यंदा असारातच आला. बसपार्कातल्या वेल्डिंगवाल्यानं दाराला नवी खाच बसवली आणि लोखंडी कडी लावली. एका दुपारचं काम.

मुलांनी सकाळी विचारलंच, फळी कुठे म्हणून. मी म्हटलं, हरवली. एकानं ती कपाटावर दिसतेय असं बोट दाखवलं. मी म्हटलं, हो, तिथं हरवलीय. ते विचारात पडले, मग पाढे म्हणायला लागले.

एलिसानं आज लिहिलं नाही, हात बांधलेले आहेत. पण बाकी दिवसभर ती शेजारणीच्या कानात काहीतरी बडबडत होती. शेवटी मलाच गप्प करावं लागलं.

शाळा सुटल्यावर वळणापर्यंत चालत गेले. तुलसा दिदी चूल फुंकत होती.

"गाडी आत्ताच गेली," ती म्हणाली. "दार लागलेलं होतं. ती तुमची पोरगी खिडकीत बसली होती. पट्टीवाला हात बाहेर काढून हलवला तिनं मला."

"हात बाहेर काढायचा नसतो," मी म्हटलं.

"मग सांगा की तिला."

"सांगेन. नेपाळीत सांगेन."

तिनं चहा पुढे केला. बसले. पावसात आठवडाभर ती काय घालून वावरली हे विचारायची हिंमत झाली नाही. पण या वेळी मी खाली बघितलं. टाचांना भेगा, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली.

पिशवीतून चपला काढल्या. ब्रशनं घासून, उन्हात वाळवून आणल्या होत्या. तुटायला आलेला अंगठा मोच्याकडून शिवून घेतला होता. तिनं त्या उलटसुलट करून बघितल्या.

"माझ्याच आहेत ना?"

"तुमच्याच."

"धुतल्या कशाला? ओळखू येईनात." तिनं पायात सरकवल्या, दोन पावलं चालून बघितलं आणि पुन्हा चुलीकडे वळली.

मी उरलेला चहा संपवला, पेला विसळून ठेवला आणि चढाला लागले.